मुसळाखालचा हात

मरोळ गावठाणातल्या त्या घराच्या मालकिणीने मला खोली दाखवायच्या आधी माझे हात बघितले. दारातच. उजवा तळहात उलटा करून बोटांच्या बुडाशी आलेले घट्टे अंगठ्याने दाबले आणि विचारलं, "सुतार?"

"नाही. ड्रम वाजवतो."

"लग्नात?"

"लग्नात, शोमध्ये, हॉटेलात. जिथे बोलावतील तिथे."

"म्हणजे आवाज करतोस." तिने हात सोडून दिला. "कर. मला आवाज पाहिजेच हाय."

माझा कानांवर विश्वास बसेना. चारकोपच्या आमच्या घरात मी ड्रमचा सेट आणला त्या दिवसापासून सोसायटीच्या सेक्रेटरीने माझ्या नावाने नोटिसांचं दुकान उघडलं होतं. उशा लावून वाजवलं, चादरी टाकून वाजवलं, शेवटी खालच्या मजल्यावरचे काका सोफ्यावर उभे राहून काठीने छत ठोकायला लागले. कांदिवलीपासून अंधेरीपर्यंत मी खोल्या बघत फिरलो. 'ड्रम' हा शब्द ऐकला की घरमालकांचे चेहरे मी कुत्रा पाळतो म्हणाल्यासारखे व्हायचे. आणि इथे ही बाई म्हणते, आवाज पाहिजेच.

कारण पंधरा दिवसांनी कळलं. तिच्या कौलारू घरावर दलालांचा डोळा होता. आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी इस्त्रीच्या शर्टातला माणूस फाइल घेऊन यायचा. तो गल्लीच्या तोंडाशी दिसला की ती ओसरीवरून ओरडायची, "वाजव रे!" मग मी जीव तोडून वाजवायचं आणि तिने दलालाला खुर्ची देऊन हाताने 'बोला, बोला' करत राहायचं. दहा मिनिटांत माणूस उठायचा. भाडं कमी का घेते हे मी तिला कधी विचारलं नाही. मी तिचा राखणीचा कुत्राच होतो, फक्त लायसन्स नसलेला.

सगळं गावठाण तिला आंटी म्हणायचं, म्हणून मीही आंटी. सत्तरी ओलांडलेली, लाल चौकड्यांचं लुगडं, चष्म्याला मागून बांधलेली सुतळी. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. भाचे-पुतणे जगभर पांगलेले. ते ज्या ज्या देशात गेले त्या त्या देशाचं नाव तिने एकेका कोंबडीला दिलं होतं. सकाळी परसातून तिचा आवाज यायचा, "कॅनडा, उतर खाली! लाज नाय तुला?" कधी खुशीत सांगायची, "ऑस्ट्रेलियाने आज अंडं दिलं." एका नाताळात ताटातल्या रश्श्याकडे बघून मी विचारलं की आज कोण, तर अगदी शांतपणे म्हणाली, "दुबई. फोन पण नाय करत मेला."

घरात घड्याळ नव्हतं. म्हणजे भिंतीवर होतं, पण ते तिच्या मते बिनकामाचं होतं. ती वेळ मोजायची प्रार्थनेवर. अंडं उकडायला अमुक इतक्या 'नमो मारिया', चहाला तितक्या. मी एकदा खोडी काढायची म्हणून मोबाइलवर लय मोजून देणारा मेट्रोनोम लावून तिच्या पुटपुटण्याशी ताडून बघितलं. बाई सुतभर हलली नाही. मग मी तिला मेट्रोनोम ऐकवला. एकसारखा टक, टक, टक. मला मोठा अभिमान होता तेव्हा, की मी त्या टकटकीच्या, क्लिकच्या बाहेर जात नाही. ड्रमरच्या धंद्यात ती पदवीच असते.

तिने मोबाइल कानाशी धरला. "हा टकटक्या कोणाचं ऐकतो?"

"कोणाचंच नाही, आंटी. तेच तर. आपण त्याचं ऐकायचं."

"मग घरात एक झाला ना न ऐकणारा. तू दुसरा कशाला?"

असलं काहीतरी बोलून ती चुलीकडे वळायची, आणि मी चरफडत खोलीत जायचो. तिला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं हे मी स्वतःला रोज बजावायचो. गाण्याच्या दोन ओळींच्या मध्ये ड्रमर जी वाजवण्याची लड सोडतो तिला आम्ही 'फिल' म्हणतो. मला फिलचा फार सोस. जरा फट दिसली की घातलीच. भिंतीपलीकडून लगेच लाटण्याचा ठोका यायचा आणि पाठोपाठ आवाज, "डाळ शिजू दे! मग दे फोडणी!"

बाकी ती काही देवमाणूस नव्हती. हट्टी होती, वाईट बोलायची. एका रेकॉर्डिंगच्या आधी, मला हात बसवायची गरज असताना, नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा नोव्हेना म्हणून तिने माझा आवाज नऊ दिवस बंद ठेवला. आणि कोणा पाहुण्याने हा मुलगा कोण म्हणून विचारलं, की माझ्यासमोर सांगायची, "भाडोत्री. आवाज करतो."

"ड्रमर आहे मी," मी एकदा न राहवून म्हणालो.

"वाजवणारा वेगळा. तू आवाज करतोस."

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. रात्रंदिवस घाम गाळत होतो. ते वाक्य फार लागलं मला.

आता मसाल्याचं सांगतो, कारण सगळं तिथेच घडलं. आंटीच्या, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांचा एक मसाला असतो. उन्हाळ्यात मिरच्या, धणे, हळकुंडं आणि आणखी वीसेक जिन्नस वाळवायचे, वेगवेगळे भाजायचे, लाकडी उखळात कुटायचे आणि बिअरच्या रिकाम्या काळ्या बाटल्यांत काठीने ठासून भरायचे. मग वर्षभर मासे, मटण, भाजी, सगळ्याला तोच. शेजारची घरं केव्हाच गिरणीवर जायला लागली होती. आंटीच्या मते गिरणीचा मसाला म्हणजे लाल माती. तिच्याकडे दर मेमध्ये गोराईहून दोघी बहिणी कुटायला यायच्या. थोरली अबोल, धाकटी बडबडी. उखळ गुडघ्याएवढं, आणि मुसळं माझ्या खांद्याला लागतील एवढी, टोकाला लोखंडी कडं. दोघी समोरासमोर उभ्या राहायच्या आणि आळीपाळीने हाणायच्या, आंटी तिसरी. एका उखळात तीन मुसळं. एक खाली, एक वर जाताना, एक वर. मध्येच आंटी मुसळ ठेवून खाली बसायची आणि त्या दोघींचं कुटणं न थांबवता उखळात हात घालून कडेला चढलेला मसाला मध्ये ढकलायची. हात आत, हात बाहेर. तोंडाने कॅनडाला शिव्या चालूच.

मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी माझेच हात पाठीमागे घेतले. त्या वर्षी आंटीचा खांदा धरला होता. ती म्हणाली, "ए आवाजवाल्या, ये. बघू."

पुरुषाने मुसळ धरलेलं बघून धाकटी पदर तोंडाला लावून हसली. मला वाटलं, यात काय? ताल हा माझा धंदा. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला भ्यायचं कशाला! मी मुसळ उचललं आणि क्लिकसारखं एकसारखं, दणदणीत हाणायला लागलो. मिरचीचा खकाणा नाकात गेला तरी लय सोडली नाही. चांगली पाच मिनिटं झाली असतील. कडेला मसाला चढला. थोरलीने धाकटीला मानेने खूण केली. धाकटी वाकली, हात पुढे नेला आणि मागे घेतला. पुन्हा नेला, पुन्हा मागे.

"घाल ना," मी म्हणालो. "मी एकदम बरोबर वाजवतोय. बघ, मोज."

"बरोबर हाय दादा," ती म्हणाली, "पण तुमच्या मुसळाखाली मी हात नाय घालणार."

सगळ्या जणी थांबल्या. आंटी उठून जवळ आली, म्हणाली, "मारायला काय, गाढव पण लाथ मारतं. तुला उचलता येत नाय." मग माझ्या हातातलं मुसळ घेऊन भिंतीला लावून ठेवलं. "ज्याच्या मुसळाखाली दुसऱ्याने हात घालावा, तो वाजवणारा."

संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं. ती सिंधुदुर्गातली, तिचं गणित सरळ. "अरे, ड्रम वाजवूक गेल्लंस की मसालो कुटूक?" मी म्हटलं, दोन्ही येत नाही म्हणतायत.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर मला एक चांगलं काम मिळालं. जुन्या गाण्यांचा एक ऑर्केस्ट्रा, नाव मोठं, कार्यक्रम वर्षभर बुक. मुख्य गायिका साठीच्या, सगळे त्यांना बाई म्हणायचे. ऑर्केस्ट्राचा मालक म्हणाला, "तीन शो बघतो. जमलं तर कायम. झकास वाजव." मला दुसरं काही सुचत नव्हतं. कायमची खुर्ची मिळाली तर घरी सांगता येणार होतं की हेच माझं काम. नाहीतर भाऊजींच्या कुरिअर ऑफिसातली जागा माझी वाट बघत होतीच.

पहिला शो ठीक झाला. दुसरा बोरिवलीला रविवारी दुपारी होता. आंटीला मी पास दिला, येईल असं वाटलं नव्हतं. पण ती आली. ठेवणीतलं लुगडं, केसांत फूल, पहिल्या रांगेत बसली आणि मी बघत असताना पर्समधून कापूस काढून दोन्ही कानांत घातला. त्या दिवशी मी जीव ओतून वाजवलं. एका फिलला तर मागच्या रांगांतून शिट्टी आली. मध्यंतरात मी धावत बाहेर गेलो. आंटी बटाटावडा खात होती.

"कसं वाटलं?"

"बाई चांगली गाते." तिने कापूस काढला, बोटं मोजली. "चार वेळा तिचा हात चेंगरला."

"म्हणजे काय?"

"ती श्वास घ्यायला गेली की तू मारलंस. चार वेळा. मी ऐकत नव्हते, बघत होते. तुला दिसत नाय?"

मला काहीच दिसलं नव्हतं. मी तर माझ्या हातांकडे बघत होतो. तिला वडा खात तिथेच सोडून मी आत गेलो. माझा तिसरा शो झालाच नाही. मालकाचा फोन आला. "तुझ्यात दम आहे रे, पण बाई म्हणतात, त्या तुझ्यासोबत नाही, तुझ्याखाली गातात. वाईट वाटून घेऊ नकोस यार."

मी दार लावून घेतलं. स्टिक्स पलंगाखाली टाकल्या. तीन दिवस खोलीतून आवाज नाही. चौथ्या दिवशी आंटीने दारावर धक्के मारले. "काय मेलास काय? काल दलाल येऊन निवांत बसला. चहा पिऊन गेला! आवाज का नाय?"

"काढलं मला, आंटी."

"बरोबर केलं."

मला रडूच आलं. खरंच आलं, लहान पोरासारखं. ती दारातच उभी राहिली. जवळ बिवळ आली नाही. मग म्हणाली, "तोंड धू. परसात ये. तांदूळ भिजवलेत."

परसात उखळ होतं, शेजारी पाट, पाटावर ती, आणि तिच्या हातात लांब दांड्याचा लाकडी डाव. रिकामं उखळ कुटणं तिच्या लेखी पाप, म्हणून तांदूळ. "तू कूट. मी डाव घालणार. कधी ते सांगणार नाय."

दुसऱ्याच मिनिटाला डाव कडकन मोडला. तिने तुकड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हा माझा हात."

ते पूर्ण हिवाळाभर चाललं. रोज अकरा वाजता. पहिले काही दिवस मी अंदाज बांधायचा प्रयत्न करायचो. दर आठ ठोक्यांनी घालते का? बाराने? ती मुद्दाम चुकवायची. मला राग यायचा, मुसळ जड व्हायचं, खांदे भरून यायचे. आम्ही तांदळाच्या इतक्या भाकऱ्या खाल्ल्या की मला भाताचा वास नको झाला. दुसरा डाव मोडला. तिसऱ्याचा नुसता टवका उडाला. तिन्ही तिने माझ्या खोलीत, ड्रमच्या सेटच्या वर, खिळ्यांना टांगले. "काय शिकलास ते वर बघ," म्हणायची.

मग एकदा, का कोण जाणे, मी उखळाकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघायला लागलो. डाव आत यायच्या आधी तिचा खांदा किंचित उचलायचा. अगदी तीळभर. तो दिसला की मुसळ वरच जरा रेंगाळू द्यायचं, डाव निघाला की खाली. लय तुटत नव्हती. उलट लयीला जणू हाडंमांस आलं होतं. मी हसायला लागलो. आंटीने डाव बाजूला ठेवला, "आता कळलं," एवढंच म्हणाली आणि कोंबड्यांना तांदूळ टाकले.

माझ्या जागी घेतलेला ड्रमर काही महिन्यांनी क्रूझवर नोकरीला गेला. ऑर्केस्ट्राच्या मालकाचा पुन्हा फोन आला, एका शोपुरता, मुलुंडला. मी गेलो आणि पूर्ण वेळ बाईंच्या खांद्याकडे बघत बसलो. तो उचलला की मी हात वर ठेवायचो. शो संपल्यावर बाई माझ्याजवळ आल्या, पाण्याची बाटली उघडली, दोन घोट प्यायल्या. "आज घसा दुखला नाही," म्हणाल्या आणि गेल्या. पुढच्या आठवड्यापासून ती खुर्ची माझी झाली.

घरी येऊन मी आंटीला सगळं सांगितलं. वाटलं, आज तरी 'वाजवणारा' म्हणेल. ती म्हणाली, "हं." मेमध्ये बहिणी आल्या, मी मुसळ धरलं. मसाला कडेला चढला की थोरलीच्या मुसळाखाली आंटीचा हात बिनदिक्कत जायचा, माझी पाळी आली की मात्र ती मला थांबवायची. "आता तर डाव मोडत नाही ना?" मी एकदा विचारलं.

"लाकूड वेगळं. हात वेगळा."

दोन उन्हाळे असेच गेले. मी ऑर्केस्ट्रात रुळलो, रेकॉर्डिंगची कामं यायला लागली, लोक नाव घेऊन बोलवायला लागले. आंटीच्या पाहुण्यांसाठी मात्र मी भाडोत्रीच. आवाज करणारा.

तिसऱ्या वर्षी नाताळ उरकला आणि आंटीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, तरी चालायची. इथे उरलेली एकच भाची वसईहून येऊन राहिली. फिजिओथेरपीवाल्याने उजव्या हातात दाबायला रबरी चेंडू दिला, तो ती डाव्या हाताने कोंबड्यांना फेकून मारायची. सगळं आता डाव्या हाताने. चमचा डाव्या हाताने, जपमाळ डाव्या हाताने, भाचीच्या पाठीत धपाटा तोही डाव्यानेच. तो एवढा एकच हात उरला होता तिला. मे जवळ आला तेव्हा भाची भीत भीत म्हणाली, "आंटी, यंदा गिरणीवर देऊ या का?" आंटीने तिच्याकडे असं बघितलं की ती आत जाऊन सुपात धणे पाखडायला लागली.

बहिणी आल्या. आंटीची प्लॅस्टिकची खुर्ची परसात उखळाला टेकवून ठेवली. तिलाच तशी हवी होती. धाकटी अंगणात भाजलेले धणे गोळा करत होती. उखळाशी थोरली आणि मी. मिरची होती, नाक हुळहुळत होतं. कुटता कुटता मसाला कडेला चढला. हात घालणारी धाकटी पलीकडे होती, म्हणून मी आता थांबावं म्हणत होतो.

तेवढ्यात मला आंटीचा खांदा दिसला. डावा. तीळभर उचललेला.

मी इतका कधीच भ्यालो नव्हतो, ना बोरिवलीला, ना मुलुंडला. थोरलीचं मुसळ खाली येऊन वर गेलं. माझी पाळी. मी मुसळ वरच धरलं. तो सुरकुतलेला, नखांत हळद भरलेला हात उखळात गेला, मसाला मध्ये ढकलला, बाहेर आला. माझं मुसळ खाली. पुन्हा थोरली. पुन्हा तो खांदा.

धाकटी धण्यांचं सूप टाकून धावत आली. "आंटी! हात काढा! तो एकच हात हाय तुमचा!"

"गप गं," आंटी तिच्याकडे न बघताच म्हणाली, जड जिभेने, पण शब्द न् शब्द कळेल असं. "वाजवणारा हाय तो."

मी मुसळ उचललं.